काळं तेल, तांबडा दिवा

सत्यवान तोडणकर बोटीवरून कायमचा घरी आला आणि दिवाळी होते न होते तोच त्याने देवगडच्या एका आंबा बागायतदाराची जुनी फियाट विकत घेतली. त्र्याऐंशी सालची गोष्ट. तोंडवलीच्या त्या वाडीत तेव्हा कुणाच्याच दारात मोटार नव्हती. मुंबईचा एखादा चाकरमानी भाड्याची गाडी करून आला, तर पोरं तिच्यामागून धावत सुटत. त्यामुळे माडांमधल्या वाळूच्या वाटेने डुलत डुलत आलेली पिस्ता रंगाची फियाट घरापुढच्या खळ्यात थांबली, तेव्हा सत्यवानची बायको नर्मदा हातातलं सूप तसंच धरून बघत राहिली.

"कोणाची ओ ही?"

"आमची," सत्यवान म्हणाला. "जल्मभर दुसऱ्यांची इंजिनां सांभाळलंय. आता एक घरचा व्हया."

सत्यवानची सगळी उमर मालवाहू बोटींच्या पोटात, इंजिनरूममध्ये गेली होती. तिथे तो ऑइलमन होता. यंत्रांना तेल घालायचं, कुठलं बेअरिंग तापलंय ते हात लावून बघायचं, गळती पुसायची, हे त्याचं काम. वर्षा-दीड वर्षाने तो घरी यायचा, दोन-तीन महिने राहायचा आणि जायचा. मुलगी तुळसा मोठी झाली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तरी नर्मदेला आपला नवरा नीट माहीत झालेला नव्हता. आता तो रोज समोर होता, पण बोलायचा फार कमी. काही विचारलं की कधी उत्तर द्यायचा, कधी भिंतीसारखा गप्प. त्यात कसला नेम नव्हता.

नर्मदेचा स्वभाव मूळचा चौकस. विहिरीत पाणी कुठून येतं इथपासून पोस्टमन शिक्का उलटा का मारतो इथपर्यंत तिला सगळं जाणून घ्यायचं असायचं. दुसऱ्या दिवशी तिने गाडी आतून बाहेरून न्याहाळली. दार उघडताच आत हापूसचा वास आला. ऐन कार्तिकात हापूसचा वास! तिने सीट उचलून बघितली. खाली पेंढ्याच्या काड्या होत्या आणि आंब्याची एक वाळलेली बाठी. पेट्या भरून भरून त्या गाडीने किती आंबा वाहिला असेल, कोण जाणे. मग ती पुढच्या सीटवर बसली आणि समोरच्या पट्टीवरची एकेक खिट्टी, एकेक काच बोट लावून बघू लागली.

पहिली फेरी मालवणच्या बाजारात निघाली. सत्यवान चालवायला, नर्मदा त्याच्या डाव्या हाताला. भरड नाक्यापाशी नारळाची एक बैलगाडी आडवी आली म्हणून फियाट थांबली. थांबताक्षणी समोरच्या काट्याशेजारी एक बारका तांबडा दिवा मिणमिणायला लागला.

"अहो, ह्यो दिवो कसलो?" नर्मदेने विचारलं.

सत्यवान समोर बघत होता.

"तुमका विचारतंय. तांबडो दिवो पेटलो तो कसलो?"

उत्तर नाही. बैलगाडी बाजूला झाली, सत्यवानने पाय दाबला, इंजिनाचा आवाज वाढला आणि दिवा विझला. नर्मदेने तोंड फिरवून दुकानांकडे बघायला सुरुवात केली. बाजार झाला, परतीची वाट झाली, ती एक शब्द बोलली नाही. सत्यवानच्या ते लक्षातही आल्यासारखं दिसलं नाही.

घरी आल्यावर मात्र त्याने लगेच बॉनेट उघडलं. दिवा त्यानेही बघितला होता तर! नर्मदा रागावलेली होती, पण बॉनेटखाली काय असतं हे बघायची संधी ती रागापायी सोडणार नव्हती. ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. सत्यवानने इंजिनात खुपसलेली एक लांब पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. टोकाला काळंकुट्ट काहीतरी चिकटलं होतं.

"ह्या तेल काय डांबर?" ती पुटपुटली.

सत्यवान हसला. "तेलच. पण म्हातारा झालला."

"काळा कित्याक झाला?"

"काम केला म्हणान. इंजिनात काजळी धरता, लोखंड झिजता, तो सगळो मळ तेल आपल्या पोटात घेता. नुसता काळा झाला म्हणान वायट झाला असा नाय. पण हय बघ." त्याने तिच्या बोटांना थोडं तेल लावलं. "चोळ."

नर्मदेने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. बारीक रेती असावी तसं काहीतरी कचकचलं.

"आता वास घे."

तिने घेतला. फोडणी करपावी तसा वास होता.

"आणि तो दिवो?"

"तेलाचो दाब कमी झालो की तो पेटता. पंप तेल वर ओढता, सगळ्या इंजिनात फिरयता. तेल नुसता भरलला आसान चलणा नाय, फिरूक व्हया. दिवो पेटलो म्हणजे तेल वर पोचणा नाय."

इतकी वाक्यं सत्यवान एका दमात बोलल्याचं नर्मदेला आठवत नव्हतं.

"मगे बाजारात मी ह्याच विचारलंय तेव्हा सांगूक काय झालला?"

"केव्हा विचारलंस?"

त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने विचारलं, की तिला पुढे बोलवेना. इंजिनाबद्दल बोलायला याला आवडतं, बायको शेजारी बसलेली मात्र दिसत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि ती हात धुवायला गेली. तेल साबणाने निघेना. शेवटी चुलीतली राख लावून घासावं लागलं.

दोन दिवसांनी सत्यवानने तेल बदललं. आधी गाडी जरा फिरवून आणली, कारण थंड तेल सगळं बाहेर येत नाही. मग चिऱ्यांच्या दोन रांगा रचून त्यांवर गाडी चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, जुनी परात घेऊन तो खाली सरकला आणि बूच सोडवलं. काळी जाड धार परातीत पडू लागली. नर्मदा उकिडवी बसून बघत होती. धार आधी सरळ आली, मग मध्येच अडली, बारीक झाली, पुन्हा सुटली.

"मधी अडला कित्याक?" तिने विचारलं.

सत्यवानलाही तेच कळत नव्हतं. "काय तरी गाळ असतलो," तो म्हणाला. मग त्याने वरून नवं तेल ओतलं. ते मधासारखं होतं, ऊन आरपार जात होतं. "ह्या तेल मळ धुवन काडता," तो खुशीत म्हणाला. "बघ आता इंजिन कसा पळता ता."

आणि खरंच आठवडाभर गाडी छान चालली. दिवा पेटला नाही. सत्यवान रोज सकाळी पट्टी काढून बघायचा आणि नर्मदाही मागोमाग यायची. मधासारखं तेल चौथ्या-पाचव्या दिवशीच काळं झालं, ते तिने आधी बघितलं. "इतक्या लवकर?" ती म्हणाली. "जुनो मळ सुटता," तो म्हणाला. पण कपाळावर आठी होती.

त्या रविवारी ती दोघं आचऱ्याला रामेश्वराच्या देवळात निघाली. सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आली तेव्हा ऊन समोरून येत होतं आणि काचेवर नुसतं चकाकत होतं. नर्मदेला एक आवाज ऐकू आला. कुणीतरी खलबत्त्यात सुपारी कुटतंय असा. टक टक टक टक.

"अहो, काय तरी वाजता."

सत्यवान चालवतच होता.

"अहो, इंजिनात काय तरी टकटकता!"

काही नाही. आवाज वाढला. नर्मदेने हाताची सावली करून समोरच्या पट्टीकडे बघितलं. उन्हात दिसत नव्हता, पण दिवा पेटलेला होता आणि यावेळी तो मिणमिणत नव्हता. तिने सत्यवानच्या दंडाला धरून गदागदा हलवलं.

"बंद करा! आदी बंद करा!"

सत्यवानने दचकून तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बोटाकडे, मग दिव्याकडे. क्षणात किल्ली फिरवून त्याने इंजिन बंद केलं. गाडी आपल्याच वेगाने थोडी पुढे जाऊन रस्त्याकडेला थांबली. सडा एकदम शांत झाला.

दोघं खाली उतरली. सत्यवानने बॉनेट उघडलं, पण आत हात न घालता तो तसाच उभा राहिला.

"तू कशान ओळखलंस?" त्याने विचारलं. "उनात दिवो दिसणा नव्हतो."

"आवाजान! दोन येळा सांगलंय तुमका. केवढ्यान टकटकत होता!"

"आवाज येत होतो?"

नर्मदा काही बोलणार होती, ती थांबली. सत्यवानने हे विचारताना मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला होता. बाजारातला दिवा तिला आठवला. जेवताना डाव्या बाजूने भात वाढू का म्हणून विचारलं की मिळणारा गप्पपणा आठवला. बॉनेटपाशी उजव्या बाजूला उभं राहिल्यावर घडाघडा बोलणारा नवरा आठवला. ती गाडीला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या सदऱ्यार इंचू चढलो."

सत्यवान इंजिनाकडे बघत होता. सदरा झटकायला त्याचा हात हलला नाही.

ती फिरून उजवीकडे आली. "डाव्या कानान तुमका आयकाक येणा नाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

सत्यवान बराच वेळ गप्प राहिला. यावेळचा गप्पपणा ऐकू न आल्याचा नव्हता.

"जनरेटर माज्या डाव्या अंगाक असायचो," तो शेवटी म्हणाला. "त्येचो आवाज म्हणजे काय सांगू तुका. कापसाचे बोळे घालायचव, तरी हाडात शिरायचो. हळूहळू गेला. दर खेपेक कंपनीचो डाक्टर तपासायचो. त्येका कळला असता तर माका घराक धाडल्यानी असती. म्हणान कोणाक सांगूक नाय."

"माका पण नाय?"

"तुका सांगान काय करतलंय? तू हय एकटी. घोर लावन घेतलं असतंस." तो थांबला. "मगे न सांगूची सवयच झाली."

"आणि मी समाजलंय, तुमका माज्याशी बोलूकच नको."

सत्यवानने खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात पुसत राहिला. नर्मदेला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट एवढे दिवस न सुटणारी गाठ सुटल्यासारखं तिला हलकं वाटत होतं. किती साधं होतं ते!

"वायच हय उबी ऱ्हव," सत्यवान म्हणाला, "आणि सांग, आवाज कसो होतो?"

"टक टक टक."

"वरसून की खालसून?"

नर्मदेने डोळे मिटून आठवलं. "वरसून. पातळ आवाज. लोखंडाच्या डब्यात खडो वाजता तसो."

"गाडी जोरान गेली की जलद होय?"

"व्हय. पण धाडधाड असा खालसून काय वाजूक नाय."

सत्यवानने मोठा श्वास सोडला. "मगे वाचला. वरच्या भागाक तेल मिळणा नाय म्हणान वाजत होता. खालसून वाजला असता तर इंजिनाची रयाच गेली असती." त्याने तिच्याकडे बघितलं. "तू नसतंस तर मी तसोच आचऱ्यापर्यंत गेलो असतंय."

फियाट घरी आली ती शंकर गावड्याच्या बैलांच्या मागून. शंकर शेजारच्या वाडीतला, थट्टेखोर माणूस. कासरा हातात धरून तो वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होता, "पेट्रोल महाग झाला, आता ही गवतार चलता!" सत्यवान स्टिअरिंग धरून मुकाट बसला होता. नर्मदा मात्र मागून चालत होती आणि चालता चालता विचार करत होती. नवं चांगलं तेल घातलं, तर दुखणं वाढलं कसं?

हेच तिने संध्याकाळी विचारलं, उजव्या बाजूला बसून.

"नव्या तेलान जुनो गाळ सोडयल्यान," सत्यवान म्हणाला. "आदी तो कडेक चिकटान गप होतो. सुटलो तो जावन पंपाच्या तोंडाक बसलो. तोंडाक जाळी असता. ती भरली की पंप ओढतलो काय?"

"मगे जाळी काडया."

"काडूक व्हयीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा चिऱ्यांवर चढवली. शंकरने आणि दोघातिघांनी ढकलून. सत्यवानने इंजिनाच्या तळाचं पत्र्याचं भांडं, मेस्त्री लोक ज्याला चेंबर म्हणतात ते, एकेक बोल्ट सोडवून खाली घेतलं. नर्मदा बोल्ट हातात घेऊन नारळाच्या करवंटीत ठेवत होती. गाडीखाली आडवा झाल्यावर त्याचा उजवा कान जमिनीकडे गेला, तेव्हा तिचं बोलणं त्याला कळेना. मग त्याने बोटीवरच्या खुणा तिला शिकवल्या. तिथे आवाजामुळे कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे, सगळं हातवाऱ्यांनी चाले. मूठ फिरवली की पाना हवा. तळवा उलटा केला की थांब. दोन बोटं चोळली की तेल बघ.

"आणि जेवूक चला, कसा सांगायचात?" तिने खाली वाकून, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

त्याने पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. नर्मदा हसली. "ता काय, आमी पण तसाच करतो!"

चेंबर बाहेर आलं. तेल आधीच परातीत सोडून दिलं होतं, पण गाळ तसाच होता. काळ्या खरवसासारखा थर बसला होता, बोटाने वडी उचलता येईल असा. पंपाची जाळी तर दिसतच नव्हती. तिच्यावर काळा गोळा बसला होता. सत्यवानने तो काढून नर्मदेच्या हातावर ठेवला.

"गाळ इतको दाट होणा नाय," तो म्हणाला. "ह्येच्यात काय तरी आसा."

नर्मदेने वाटीत रॉकेल घेतलं आणि गोळा त्यात धुवायला बसली. रॉकेल काळं झालं, बदललं, पुन्हा काळं झालं. गोळ्यातून हळूहळू धागे मोकळे झाले.

"पेंढो," सत्यवान म्हणाला. "आंब्याच्या पेट्यांतलो."

"पेंढो असो नसता." तिने एक धागा चिमटीत धरून ताणला. तो तुटला नाही. तिने चार-पाच धागे एकत्र केले, मांडीवर ठेवले आणि तळव्याने एक वळसा दिला. पीळ बसला. माहेरी खाडीकाठी लहानपणापासून तिने सुंभ वळलं होतं. "ह्यो काथो आसा. सोडणाचो. नारळाचो काथो हो!"

सत्यवानने धागे हातात घेतले, ताणून बघितले. मग तो इंजिनाकडे बघत बसला.

"इंजिन सगळ्या बाजून बंद असता गो. काथो आत जातलो खयसून?"

"तेल खयसून घालतात?"

"वरसून." तो उठला. बॉनेटखाली तेल ओतायच्या तोंडावर झाकण होतं. दोघांनीही ते बघितलं आणि दोघांनाही एकदमच दिसलं. सगळं इंजिन तेलकट, गंजलेलं, जुनाट, आणि झाकण मात्र कोरं करकरीत.

"ह्या नवीन आसा," नर्मदा म्हणाली. "मगे जुना खंय गेला?"

याचं उत्तर तोंडवलीत मिळण्यासारखं नव्हतं. चार दिवसांनी दोघं एस.टी.ने देवगडला गेली. सत्यवान खिडकीपाशी सरकायला लागला, तर नर्मदेने त्याला उलट बाजूच्या बाकावर नेलं, जिथे ती त्याच्या उजवीकडे बसू शकत होती. वाटभर ती विचारत होती आणि तो सांगत होता. रात्रपाळीला ऊन दिसत नाही म्हणजे किती दिवस दिसत नाही? बोटीच्या इंजिनाचं तेल किती, पिंपभर? "पिंपभर!" तो हसला. "आपली विहीर भरात इतक्या." यावर तिचा विश्वास बसायला बराच वेळ लागला.

गाडीचे आधीचे मालक अप्पा वाळिंजकर कलमांना आळी करवून घेत होते. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, मोठ्याने बोलणारे. सत्यवानला बघून त्यांना आनंद झाला.

"काय रे, गाडी कशी चलता?"

"चलणा नाय, अप्पा. ह्या बघा आत गावला." सत्यवानने कागदाची पुडी सोडली.

अप्पांनी चष्मा वर करून काथ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! माई! माई गो, भायर ये बघया!"

त्यांची बायको, सगळे तिला माई म्हणत, पदराला हात पुसत आली. अप्पांनी पुडी तिच्यासमोर धरली. "तुजी बुचां बघ काय करून बसली!"

मग सगळा उलगडा झाला. फार वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, आंब्याचा ट्रक गाठायला निघालेले असताना तेलाचं झाकण वाटेत उडून पडलं. तेल बाहेर उडायला लागलं. माई गाडीत होती. तिने कोयती मागितली, रस्त्यावर पडलेल्या एका नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, तासलं आणि तोंडात ठोकून बसवलं. इतकं गच्च बसलं की थेंब बाहेर आला नाही.

"बाजारातला झाकण मगे आणललंय," अप्पा म्हणाले. "ता पण पडला. माज्या बायलेचा बूच कधी पडाक नाय. म्हणान तोच चालू ठेवला."

"जुना झाला की मी नवीन तासून देय," माई म्हणाली. तिच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता, पण नजर पुडीवर होती. "आतल्या अंगान कुसता ह्या कोणाक म्हायत?"

"आणि तांबडो दिवो पेटायचो तो?" सत्यवानने विचारलं.

"खयचो दिवो?" अप्पांनी आठवून बघितलं. "हां, तो! तो कधीच बंद पडललो. तुका गाडी देवच्या आदी मेस्त्रीक म्हटलंय, सगळा नीट कर. त्येना बल्ब घातल्यान, झाकण घातल्यान. चेडू सासराक धाडताना नवीन लुगडा नेसवतो, तसा." ते एकदम ओशाळले. "माका खराच म्हायत नव्हता रे. फसवूक नाय तुका."

"ता माका दिसताच आसा," सत्यवान म्हणाला, आणि त्याला खरोखरच राग आला नव्हता. सोडणाच्या बुचावर एक इंजिन इतकी वर्षं चाललं, याचंच त्याला नवल वाटत होतं. नर्मदेला तर ते बूच बघितल्याशिवाय निघायचंच नव्हतं. माईने मागच्या मांगरात, अवजारांच्या खोपटात शोधून एक जुनं काढून दिलं. वरून गोल, गुळगुळीत, सुपारीसारखं. खालून पार भुसा झालेला. नर्मदेने ते उलटसुलट करून बघितलं, वरचा भाग नखाने टोकरून बघितला.

"बरा तासलास गो," ती मनापासून म्हणाली. माईला हसू फुटलं आणि मग तिने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

घरी परतल्यावर इंजिनाची सफाई सुरू झाली. सत्यवान एकेक वाट रॉकेलने धूत होता, तार घालून बघत होता, नर्मदा काथ्याचे तुकडे वेचत होती. अगदी बारक्या भोकांतूनही दोन-दोन धागे निघत. खालची बेअरिंगं त्याने काढून उजेडात धरली. एकावर ओरखडे होते, ते त्याने कुडाळहून नवीन आणलं. बाकीची शाबूत होती. तिने प्रत्येकावरून बोट फिरवून बघितलं, कारण त्याने सांगितलं होतं की डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

चेंबर वर चढलं. तेल भरलं. सत्यवानने किल्ली अर्धी फिरवली आणि तांबडा दिवा पेटला.

"पेटलो!" नर्मदा घाबरून म्हणाली.

"आता पेटूकच व्हयो. इंजिन फिरणा नाय, मगे दाब खयसून? अप्पांच्या वक्ताक आता पेटणा नव्हतो, हीच चूक होती. आदी पेटूक व्हयो, मगे विझूक व्हयो." त्याने किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन घुरघुरलं, लागलं. दिवा क्षणभर तसाच राहिला, आणि गेला. सत्यवानने तिच्याकडे बघितलं. "आवाज?"

नर्मदा बॉनेटवर वाकली. वरून ऐकलं, बाजूने ऐकलं, खाली बसून ऐकलं. मग तिने तळवा उलटा केला नाही, मूठ फिरवली नाही. बोटीवरची कुठलीच खूण तिला आठवेना. तिने नुसती मान हलवली. "काय वाजणा नाय."

त्यानंतर रोज पट्टी बघायचं काम नर्मदेकडे आलं. ऐकायचंही तिच्याकडेच. तरीही एक अडचण राहिलीच. गाडीत ती डावीकडे आणि तो उजवीकडे, म्हणजे त्याचा बिघडलेला कान नेमका तिच्या बाजूला. मागच्या सीटवरून ओरडून बघितलं, ते काही जमेना. पौष संपत आला तेव्हा एका सकाळी तीच म्हणाली, "माका चलवूक शिकवा."

सत्यवानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय शिकवू?"

"गाडी. तुमच्या उजव्या बाजूक बसूचा तर दुसरी जागाच नाय."

वाडीत चर्चा झाली. शेजारची काशीबाई म्हणाली, या वयात हे काय. शंकरने बैल तयार ठेवतो म्हणून सांगितलं. नर्मदा पदर खोचून तयार झाली. सत्यवान तिला घेऊन सड्यावर गेला, जिथे आपटायला झाड नव्हतं की कुंपण नव्हतं. पहिले काही दिवस फियाट नुसती बेडकासारख्या उड्या मारत होती. मग उड्या कमी झाल्या. होळीच्या सुमाराला ती सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जाऊ लागली, आणि एकदा हात बसल्यावर नर्मदेची जीभही सुटली.

"बोटीर पयल्यांदा गेलात तेव्हा तुमका भय वाटला?"

"वाटला तर!" शेजारी बसलेला सत्यवान म्हणाला. "मी शिडयेन खाली उतरलंय, आणि वर कोणी तरी दरवाजो लावन घेतल्यान. आत इतकी गरमी, इतको आवाज, माका वाटला, आता काय मी परत भायर येणा नाय. तेवड्यात एक म्हातारो गोयकार माज्याकडे इलो, आणि तेणा..."

ऐकण्याच्या नादात नर्मदेचा पाय सुटला. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

"क्लच, क्लच!" सत्यवान म्हणाला.

"ता ऱ्हवांदे," नर्मदा त्याच्याकडे वळून म्हणाली. "आदी सांगा, त्या म्हाताऱ्यान काय केल्यान?"